पोटरीतला गोळा

४ जून

काकांना नमस्कार,

पोचल्या पोचल्या पत्र टाकीन म्हणाले होते आणि आता टाकतेय. तुम्ही रोज पोस्टमनला दारात अडवून त्याची उलटतपासणी घेत असणार. त्या बिचाऱ्याला माझ्यातर्फे सॉरी सांगा. पण मालीश शिकायला आलेल्या माणसाला आधी हाडांची नावं घोकायला लावतात हे मला कुठं माहीत होतं? तुम्ही सगळी हयात गोदीतल्या हमालांच्या पाठी रगडण्यात घालवलीत, पण एकाही मणक्याला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

नावं झाली, आता खरं काम सुरू झालंय. शाळेच्या तळमजल्यावर एक लांबलचक हॉल आहे. दोन्ही भिंतींना उंच उंच बाक लावलेत, पालथं पडल्यावर तोंड ठेवायला भोक असलेले, आणि दोन बाकांच्या मध्ये छतापासून लोंबणारे निळे पडदे. बाहेरची खरीखुरी माणसं इथं अंग दाखवायला येतात. आम्ही शिकाऊ म्हणून त्यांना स्वस्त पडतं आणि ती दुखरी म्हणून आम्हाला शिकायला मिळतं. सगळ्यांवर देखरेखीला एकच बाई. त्यांच्या चपलांचा आवाज येत नाही. आपण कुणाच्या तरी खांद्यात बोटं रुतवून उभे असतो आणि अचानक आपल्या हातावर त्यांचा हात येतो, जोर कमी करायला नाहीतर वाढवायला.

बाईंचं पालुपद ठरलेलं. "आधी विचारा, मग बघा, मग मला सांगा. हात शेवटी." दुखऱ्या बाजूबरोबर न दुखणारी बाजूही बघायची. सूज दिसली, हाताला ऊन लागलं, काही वेगळं वाटलं की हात मागे आणि बाईंना हाक. मी इतक्या हाका मारते की शेजारच्या बाकावर शिकणारा एकजण म्हणाला, "तू शिंकतानासुद्धा बाईंना विचारून शिंकतेस."

हसू दे. मला हे पार पाडायचंच आहे. इथलं प्रात्यक्षिक संपलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की तुमच्या दाराशी आपली पाटी. तुमचे हात थरथरतात ते तुम्ही माझ्यापासून लपवता, पण चहाची बशी चहाडी करते. पुढं तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगायचं, मी करीन. आई-बाबांच्या मागं तुम्ही आणि काकूनं मला वाढवलंत, त्याची परतफेड दुसऱ्या कशानं करणार मी?

फोन करत नाही म्हणून रागावू नका. शिंपीकाकांच्या दुकानात फोन केला की तुम्हाला ऐकू येत नाही आणि बाकी सगळ्या गल्लीला येतं.

तुमची
चिमटी


१२ जून

चि. चिमटीस आशीर्वाद.

तुझं पत्र शिंप्यानं मला वाचून दाखवलं, मग मी ते त्याला वाचून दाखवलं, कारण त्यानं मधली एक ओळ गिळली होती. बशीची. हात थरथरत नाहीत. बशीच उथळ आहे.

तुझ्या शाळेचं ऐकून हसावं की रडावं कळेना. दुखतंय म्हणून माणूस दारी आलाय आणि त्याला विचारायचं, हात लावू का? मग काय पाय लावणार? माझ्याकडे हमाल यायचे ते तोंडातून शब्द काढायचे नाहीत. पालथे पडायचे आणि घोरायला लागायचे. घोरणं थांबलं की समजायचं, इथं दुखतंय.

तरी शीक. मला कुणी शिकवलं नाही, मी शिव्या खात शिकलो. कागद असला की लोक दारातून परत जात नाहीत, एवढं मलाही पटतं. पण तुझ्या शाळेत सांगणार नाहीत असं थोडं सांगतो.

सारखं बाई बाई करू नकोस. ज्याच्या अंगावर हात असतो त्याला लगेच कळतं की या हाताला स्वतःचं मत नाही. मग तो अंग सैल सोडत नाही आणि तू नुसतं तेल पुसत बसतेस. आणि पोटरीत गोळा आला तर घाबरू नकोस. निम्मे मालीशवाले तिथंच कच खातात, कारण माणूस ओरडतो. ओरडू दे. टाचेकडून अंगठे रोवायचे आणि गोळ्याला वर ढकलत न्यायचं, गुडघ्यापर्यंत. तो निसटायला बघतो, निसटू द्यायचा नाही. विरघळला की अंगठ्याला आपोआप कळतं. तुझे अंगठे माझ्यावर गेलेत, आखूड आणि हट्टी. तुझ्या बापाचे तसे नव्हते, म्हणून तो कारकून झाला.

शिंप्याची लेक बाळंतपणाला आलीय. दिवसभर बापाच्या दुकानात काजं करत बसते आणि माझ्यावर खेकसते, "आजोबा, दार उघडं टाकून फिरू नका." तुझी उणीव भरून काढतेय.

जेवत जा.

तुझा
काका


२ जुलै

काकांना नमस्कार,

आधी खुर्चीत बसा, मग वाचा.

इथं एक आजोबा येतात. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. खांदा जखडलाय म्हणून आले आणि योगायोगानं माझ्याच बाकावर पडले. पालथे पडून फरशीशी गप्पा मारतात. मी म्हटलं, आजोबा, मला ऐकू येत नाही. तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांना पाठ दाखवूनच बोललो, पोरी. सवय आहे." दर खेपेला ते माझंच नाव सांगतात. एकदा मला सुट्टी होती तर खांदा तसाच घेऊन परत गेले.

काल आले ते लंगडत. लेकीकडे नातवाला बघायला गेले होते, येताना अख्खा दिवस बसमध्ये. "दुसऱ्याच्या हातात गाडी असली की माझा पाय ब्रेक शोधत बसतो," म्हणाले. बाकावर चढताना पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खांदा राहू दे आज. इथं गोळा आहे बघ."

मी बाईंना हाक मारायला तोंड उघडलं होतं. बाई दोन पडदे सोडून कुणाच्या तरी मानेपाशी अडकल्या होत्या. शेजारचा पडद्याच्या कडेनं माझ्याकडे बघून आतापासूनच हसत होता. आणि मला तुमचं पत्र आठवलं. मी पडद्याआडूनच म्हटलं, "बाई, पोटरीत गोळा आलाय, सोडवते." पलीकडून बाई म्हणाल्या, "हं."

मग अंगठे रोवले, टाचेकडून. आजोबा ओरडले, मी सोडलं नाही. काका, तुम्ही म्हणता ते खरं आहे, अंगठ्याला कळतं. तो हलला. हळूहळू वर सरकला आणि मग एकदम नाहीसाच झाला. आजोबा उठून उभे राहिले, पाय झटकला आणि म्हणाले, "हलका झाला गं पाय." जाताना लंगडतही नव्हते फारसे. मी इतकी खूश झाले की टॉवेल घडी करायचे सोडून चुरगाळतच बसले.

आवरताना शेजारचा म्हणाला, "आज न विचारता शिंकलीस वाटतं."

पाटीसाठी लाकूड बघून ठेवा.

तुमची
चिमटी


९ जुलै

चि. चिमटीस आशीर्वाद, आशीर्वाद आणि परत आशीर्वाद.

पत्र शिंप्याला वाचून दाखवलं, त्याच्या लेकीला वाचून दाखवलं, गिऱ्हाईक आलं त्याला दाखवलं. त्याला पॅन्ट आखूड करून हवी होती, तो बिचारा अर्ध्या पत्रापर्यंत एका पायावर उभा होता. असो. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? तुझ्या अंगठ्यात माझा अंगठा आला, यापुढं मला काही मागायचं नाही.

ते आजोबा "पाय हलका झाला" म्हणाले ना, तिथं मला थांबावं लागलं. शिंपी म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, चष्म्याला वाफ धरली.

तुझी काकूही अगदी हेच म्हणाली होती. तू शाळेत होतीस तेव्हा, पण आठवत असेल. न्हाणीत घसरून पडली आणि खुब्यापासून प्लास्टर. तेव्हापासून अंथरुणावर. पुढं पुढं दुसरा पाय सुजायला लागला. म्हणायची, "अहो, पोटरीत गोळा तसाच आहे." मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की आधी तिचा पाय घ्यायचो. तू तेलाची वाटी धरून बसायचीस आणि तुला कंटाळा आला की वाटीत बोट बुडवून फरशीवर चित्रं काढायचीस. शेवटच्या दिवशी सकाळी मी कामावर जायच्या आधीच बसलो, कारण रात्रभर तिला झोप नव्हती. चांगला घट्ट गोळा होता, हटता हटेना. पण घालवला मी. ती म्हणाली, "हलका झाला हो पाय." हसलीसुद्धा. मग मी चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत तिला धाप लागली आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले हृदय कमजोर होतं. असेल. तिनं कधी सांगितलं नाही.

पण जाताना पाय दुखत नव्हता तिचा. एवढं मी तिला दिलं. बाकी काही देता आलं नाही, त्या खोलीत काय देणार होतो. कधी फार एकटं वाटलं की मी तेवढंच आठवतो.

तुझ्या ड्रायव्हर आजोबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, गुरूचा अंगठा होता तो.

तुझा
काका


११ ऑगस्ट

काकांना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मागाहून आलेली दोन्हीही मिळाली. उत्तराला उशीर झाला, कामं होती.

तब्येत ठीक आहे, जेवते वेळेवर.

ड्रायव्हर आजोबांचं तुम्ही तिन्ही पत्रांत विचारलंत. ते आता येत नाहीत. त्यांचं आता काही दुखत नाही.

बाई शाळा सोडून गेल्या. त्यांच्या जागी एक सर आलेत. ते पडदे बांधून ठेवायला लावतात.

काका, एक मागते, द्याल का? आता कुणाच्या पायाला हात लावू नका. पाठ, मान, खांदा काहीही करा, पाय नको. खाली वाकलं की तुमची कंबर धरते आणि मग तुम्ही दोन दोन दिवस सांगत नाही. कोणी आलं तर सांगा कंबर धरलीय. एवढं ऐका माझं.

तुमची
चिमटी


१८ ऑगस्ट

चि. चिमटी,

वा.

महिनाभर पोस्टमनच्या तोंडाकडे बघतोय, आणि आलं काय, तर फर्मान. बोट दिलं की हात धरतात असं ऐकलं होतं. इथं हात शिकवला तर तोच हात धरून मला बाजूला बसवतात. कंबर माझी आहे. ती धरली तर मी बघून घेईन. खरं कारण मला कळतंय, पोरी. प्रमाणपत्रवाल्या पुतणीला अंगठेबहाद्दर काका आता शोभत नाही. तसं सरळ लिहायचं होतंस. मला वाईट वाटलं असतं, पण एवढं नसतं वाटलं.

आणि नाही कुणाला म्हणू? शिंप्याची लेक बाळंत झाली, मुलगी झाली, गुटगुटीत आहे. पण हिचा डावा पाय असा सुजलाय की चप्पल जात नाही. हात लावला तर ऊन लागतो. म्हणते, "आजोबा, पोटरीत गोळा आहे, काही केल्या जात नाही." लहानपणी ती झाडावरून पडली तेव्हा तिचा घोटा मीच बसवला होता, तिचा विश्वास आहे. आता रोज दुपारी तिच्याकडे जातो. फार दुखतं तिला, उशी तोंडात धरते, पण मी सोडत नाही. एक-दोन दिवसांत हलेल असं अंगठा सांगतोय.

तिला काय सांगू? पुतणीनं मनाई केलीय म्हणून?

काका


२२ ऑगस्ट

काका,

तुमचं पत्र दारात उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच फोनकडे पळाले. शिंपीकाकांना म्हटलं, दुकान उघडं टाका, लेकीला आत्ता दवाखान्यात न्या, चालवू नका, उचलून न्या, आणि पायाला कुणाचा हात लागू देऊ नका. वाटेत धाप लागली तर तिथं नक्की सांगा. ते का का विचारत होते, मी सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहितेय. आधीच लिहायला हवं होतं.

ड्रायव्हर आजोबा गेले, काका. माझ्या बाकावरून उठून गेले त्याच रात्री. चार दिवसांनी त्यांची लेक हॉलमध्ये आली, पुढच्या वेळा रद्द करायला. मला शोधून काढून म्हणाली, बाबा तुमचं फार सांगायचे. माझे हात तिनं दोन्ही हातांत धरले. बाई शेजारी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, त्या दिवशी काय केलं होतंस? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पोटरीतला गोळा सोडवला. बाईंनी विचारलं, "दुसरा पाय बघितलास?" मी बघितला नव्हता. "ऊन होता?" होता. मला वाटलं होतं तापलेल्या बसमधून आलेत म्हणून.

आजोबा म्हणाले होते, गोळा आहे. मी बाईंना सांगितलं, गोळा आलाय. गोळा येतो तो स्नायूचा, येतो आणि जातो. हा आलेला नव्हता, हा होता. शिरेत रक्त साकळून बसलं होतं. ते चोळलं की सुटतं आणि वर छातीकडे जातं. बाईंनी "आलाय" ऐकलं म्हणून "हं" म्हटलं. मी "आहे" म्हटलं असतं तर त्या धावत आल्या असत्या. तुमच्या घरात मी "गोळा आलाय" हेच ऐकत वाढले, माझ्या तोंडात तेच बसलंय.

बाईंनी त्यांच्या लेकीला तिथंच सगळं सांगितलं. मी लपवा म्हणून डोळ्यांनी विनवत होते.  लेकीनं आपले हात काढून घेतले, पर्स उचलली आणि गेली. मग बाई वर ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, देखरेख माझी होती, मी पडद्याआडून "हं" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नाहीत. मला कुणी काही केलं नाही, शिकाऊ आहे म्हणून.

तुम्ही पत्रात काय लिहिलं होतंत त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नियम मला माहीत होता. हात माझे होते.

हे असं क्वचित होतं. लांबच्या प्रवासानंतर होतं, नाहीतर बाळंतपणानंतर. म्हणून तिच्यासाठी घाबरले. बाकी कुणाच्या बाबतीत मनात काही आणू नका.

ती कशी आहे ते लगेच कळवा.

चिमटी


३० ऑगस्ट

चि. चिमटीस,

शिंप्याची लेक बरी आहे. दवाखान्यात आहे, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस कुणी चोळलं असतं तर बाळाची आई गेली असती. शिंपी माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, तुमच्या पुतणीनं वाचवलं. कुणापासून वाचवलं ते त्याच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगायला गेलो होतो, पण तो रडत होता.

तुझ्यावर रागावलो होतो ते विसर. तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

तुझ्यावर फार मोठं ओझं आलं. ते माझं आहे, तू कितीही नाही म्हण. नियम तुला शाळेनं शिकवला आणि तो मोडायला मी शिकवलं.

आता एक विचारायचं आहे. डॉक्टरांना मी विचारलं, हे कुणाकुणाला होतं? ते म्हणाले, प्रवासात बसून राहिलेल्यांना, बाळंतिणींना, आणि प्लास्टर घालून अंथरुणावर पडून असलेल्यांना. तू पहिली दोन लिहिलीस. तिसरं लिहिलं नाहीस.

शिंप्याला तू फोनवर म्हणालीस की धाप लागली तर सांगा. धापच का?

त्या ड्रायव्हरना शेवटी धाप लागली होती का? त्यांच्या लेकीनं काही सांगितलं असेल. मला खरं कळव.

काका


४ सप्टेंबर

काकांना नमस्कार,

ती बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, नाही. आजोबांना धाप लागली नव्हती. त्यांच्या लेकीनं स्पष्ट सांगितलं, झोपेत गेले, शांतपणे. या गोळ्यानं जाणारी माणसं झोपेतच जातात. धापेचं मी शिंपीकाकांना आपलं उगीच म्हटलं, ते लगेच हलावेत म्हणून. माणूस धाप म्हटल्यावर जेवढा घाबरतो तेवढा सूज म्हटल्यावर घाबरत नाही.

तिसरं कारण लिहायचं राहून गेलं. पुस्तकात ते अगदी शेवटी बारीक अक्षरात आहे. क्वचितातलं क्वचित.

काकूचं हृदयच होतं, काका. मला पक्कं आठवतं. पडायच्या कितीतरी आधीपासून ती जिना चढताना मध्येच थांबायची, छातीला हात लावून. मी विचारलं की म्हणायची, काकांना सांगू नकोस. म्हणून मी कधी सांगितलं नाही. डॉक्टरांनी बरोबर ओळखलं होतं. तुम्ही तिचा पाय चोळत होतात म्हणून तिला तेवढं तरी सुख मिळालं. ते तुम्ही आठवता ना, तसंच आठवत राहा.

माझं म्हणाल तर मी शेवटची परीक्षा दिली नाही. बसले होते. समोर एक तरुण मुलगा पालथा पडला होता, धडधाकट, पाठ आखडलेली, बाकी काही नाही. मी हात ठेवले आणि ते तिथंच राहिले. दाबायला जोरच येईना. तो म्हणाला, "सुरू करा ना." सर म्हणाले, "सुरू कर." मी हात काढून घेतले. शाळेनं सध्या टॉवेल धुवायच्या खोलीत काम दिलंय. गरम वाफ असते, आवाज असतो, कुणाशी बोलावं लागत नाही. तिथं मला बरं वाटतं. इतक्यात घरी येत नाही. पाटीचं राहू दे.

औषधं घेत जा.

तुमची
चिमटी


२० सप्टेंबर

चि. चिमटीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. धाप लागली नव्हती, हे तू लिहिलंस. बरं केलंस.

लहानपणी तू खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे. काकू म्हणायची, हिला शिक्षा करू नका, कान बघा, पुरे. पत्रात कान दिसत नाहीत.

काकू जिना चढताना थांबायची म्हणालीस. आपण तळमजल्यावर राहतो, पोरी. लग्न झाल्यापासून तळमजल्यावरच. तरी थांबायची असेल कुठल्यातरी जिन्यावर. तू म्हणतेस तर थांबायची. मी ते पान वेगळं काढून ठेवलंय आणि अधूनमधून वाचतो. दुसरं काय करू? तू एवढं मन लावून लिहिलंयस.

परत येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, आणि ये असंही म्हणवत नाही. तू आलीस तर आपण दोघं या खोलीत समोरासमोर बसणार आणि दोघांच्याही मांडीवर हे असे हात असणार. टॉवेलच्या खोलीत तुला बरं वाटतंय तर तिथंच राहा काही दिवस.

अजून लोक येतात. कालच गोदीतला एक म्हातारा दोन्ही गुडघे घेऊन आला. मी म्हटलं, कंबर धरलीय. तू शिकवलेलं कारण उपयोगी पडलं. तो म्हणाला, मग तुमची कंबर कोण बघतं? दोघंही हसलो आणि तो गेला.

शिंप्याची लेक घरी आली. काठी घेऊन चालते, पण चालते. परवा तिनं हाक मारली. म्हणाली, "आजोबा, बाळाला तुमच्याच हातचं मालीश हवं. माझा तुमच्यावरच विश्वास आहे. हात धुऊन या, मी तेल कोमट करते." बाळ दुपट्यावर पाय झाडत पडलं होतं. पोटऱ्या केवढ्या, माझ्या अंगठ्याएवढ्या. मी बरं म्हणालो. घरी आलो, साबणानं हात धुतले, पुसले. मग खुर्चीत बसलो. पलीकडून ती दोनदा हाक मारत होती, तेल गार होतंय म्हणून. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तुझा
काका